पन्नासाव्या दिवशी मुकं होणारं यंत्र

“वेळ ६४ बिटांत ठेवली की २०३८ची कटकट मिटली ना?” हे मला नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

तारखांपुरती मिटते, हो. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद चिन्हासहित (म्हणजे धन-ऋण दोन्ही आकडे धरून) ३२ बिटांत, शून्य-एकच्या ३२ जागांत मोजले, तर १९ जानेवारी २०३८ रोजी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ०३:१४:०७ ला आकडा २१४७४८३६४७ वर पोचतो आणि पुढच्याच सेकंदाला तो ऋण होऊन घड्याळ १३ डिसेंबर १९०१ दाखवतं. ६४ बिटांत ही पाळी यायला सुमारे २९२ अब्ज वर्षं आहेत. अर्थात डेटाबेसमधला जुना कॉलम, फाइलचा ठरलेला फॉरमॅट, कुणीतरी मधेच केलेलं ३२ बिटांचं कास्टिंग (मोठा आकडा ३२ बिटांत कोंबणं) हे सगळं हुडकून बदललंत तर. (वीस वर्षांच्या मुदतीची शेवटची तारीख काढणाऱ्या प्रोग्रामसाठी २०३८ केव्हाच येऊन गेलं.)

मला चटका बसला तो मात्र मिलिसेकंदांचा. छोट्या यंत्रांत चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद बहुधा चिन्हरहित (ऋण आकडे नसलेल्या) ३२ बिटांत मोजतात. तो काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. आमचं एक यंत्र कधीकधी पन्नासाव्या दिवशी मुकं व्हायचं. रीस्टार्ट केलं की ठणठणीत, म्हणून आम्ही कित्येक महिने नेटवर्कला शिव्या घातल्या. चूक माझ्याच ओळीत होती: ‘पुढची वेळ’ आधी काढून ठेवायची आणि ‘आत्ता’ तिच्यापुढे गेलं का ते बघायचं. ती वेळ कमाल आकड्याच्या अगदी अलीकडे पडली आणि तपासायच्या आत काउंटर शून्यावर आला, की पुन्हा ४९ दिवस वाट बघणं आलं.

इथेही ६४ बिट वापरा म्हणाल, तर ३२ बिटी प्रोसेसर तो आकडा दोन तुकड्यांत वाचतो. मधेच इंटरप्ट (हातातलं काम थांबवणारा हार्डवेअरचा इशारा) आला आणि त्यात काउंटर पुढे सरकला, तर तुकडे जुळतीलच असं नाही. त्यापेक्षा वजाबाकी बरी. पाच सेकंद थांबायचं असेल तर ‘आत्ता वजा सुरुवात’ पाच हजारांवर गेलं का, एवढंच विचारायचं. सुरुवात ४२९४९६७२९० ला झाली असेल आणि आत्ता काउंटर १० वर असेल, तरी चिन्हरहित वजाबाकीचं उत्तर १६च येतं, आणि तेच बरोबर आहे. मोजायचं अंतर तेवढं ४९.७ दिवसांच्या आत हवं.

पण खरी युक्ती लिनक्सवाल्यांची. कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) जिफीज काउंटर, म्हणजे घड्याळाचे टिकटिक मोजणारा आकडा, ते शून्यापासून सुरूच करत नाहीत. बूटनंतर पाच मिनिटांत ३२ बिटांची मर्यादा ओलांडली जाईल असा आकडा मुद्दाम भरून ठेवतात. चूक असलीच तर ती चाचणीच्या टेबलावरच उघडी पडते. मी ते सरळ उचललं. आमचा काउंटर आता कमाल आकड्याच्या एक मिनिट अलीकडून सुरू होतो. पहिल्याच दिवशी तसल्याच आणखी दोन तुलना सापडल्या. त्यातली एक मीच ‘तपासलं, ठीक आहे’ असा शेरा मारलेल्या फाइलमध्ये होती.