तुमच्याच बाबतीत कसं होतं हे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर हा प्रश्न मला इतक्यांदा ऐकवलाय, की उत्तर द्यायचं मी सोडूनच दिलं होतं. सोसायटीच्या जिन्यात, भिशीत, लेकाच्या फोनवर, सगळीकडे तेच: "लोक काय प्रवास करत नाहीत? तुमच्याच बाबतीत कसं होतं हे?" आमच्या ह्यांच्याकडे उत्तर तयार असतं. वेंधळेपणा. मला ते मुळीच मान्य नाही. एप्रिलपासून माझ्या बंगळूर, गुहागर आणि सोलापूर अशा तीन फेऱ्या झाल्या. तिन्ही वेळा घोळ झाला, आणि तिन्ही वेळा तो झाला दुसऱ्यांच्या सामानामुळे. माझ्या स्वतःच्या चार साड्या आणि औषधांची डबी आजवर कधी हरवली नाही, सांडली नाही.

बंगळूरचं पटकन सांगून टाकते. सुनेच्या आईने लेकीसाठी साजूक तुपाची बरणी दिली होती. मोठ्या बॅगेत फुटेल म्हणून मी ती हातातल्या पिशवीत ठेवली. विमानतळावरच्या तपासणीत ती बाहेर आली. "पातळ पदार्थ नेता येत नाहीत." मी म्हटलं, बघा तरी, चांगलं रवाळ थिजलंय, पातळ कुठाय? तो मुलगा हसला, पण बरणी त्याने टेबलावरच ठेवली. विहीणबाईंना अजून वाटतंय की लेकीने ते तूप संपवलं. तुम्हीही काही बोलू नका.

आता गुहागर. खरा घोळ तिथलाच.

आत्या ८२ वर्षांची आहे. ७५ च्या पुढच्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून एसटी फुकट आणि आम्हा बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट, पण आत्या काही घरातून हलत नाही. तिच्याऐवजी तिचं सामान हिंडतं. मे महिन्यात मी गेले तेव्हा ती मागच्या पडवीत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसली होती. कोपरापर्यंत हात लाल. एका सुपात बिया, एका परातीत सालं, आणि बाजूला बरणीत आगळ, म्हणजे त्यांचा मीठ घातलेला रस, धरलेलं. सालं वाळली की त्याच रसात बुडवून पुन्हा उन्हात घालायची, अशी पुटं चढत गेली की आमसूल काळंभोर होतं. हे सगळं मला पाठ आहे, तरी तिने पुन्हा सांगितलं. मी मिठाच्या डब्याकडे बघितलं, तर म्हणाली, "यंदा जरा हात आखडता घेतलाय गो. माझं बीपी वाढलंय ना."

आगळ मी न्यायचं होतं आणि बीपी होतं तिचं. पण आत्याला असलं काही विचारायचं नसतं.

निघताना आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळीच्या दोन गुंडाळ्या आणि सरबताच्या जुन्या दोन लिटरच्या बाटलीत काठोकाठ आगळ. "आडवी ठेवू नको," एवढीच सूचना. मी बाटली मांडीवर घेऊन बसले. चिपळूण गेलं, कुंभार्ली घाट लागला. दुपारचं ऊन खिडकीतून थेट मांडीवर. घाट चढून गाडी हेळवाकच्या पुढे आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बाटली गलेलठ्ठ झालीय. बूड फुगून बाहेर आलेलं, सरळ उभीही राहीना. माणसाने अशा वेळी काय करावं? तिला हात लावू नये. मी झाकण फिरवलं.

फट्ट आवाज झाला आणि आगळ टपापर्यंत उडालं. पुढच्या सीटची पाठ, खिडकीची काच, माझी साडी, आणि शेजारी कोयनानगरला चढलेल्या आजोबांचा पांढराशुभ्र लेंगा, सगळं एका क्षणात रातांब्याच्या रंगाचं. चालकाने गाडी बाजूला घेतली. कंडक्टर धावत आला. "मावशी, बाँब घेऊन चाललाय का?" आजोबा मात्र छातीवर हात ठेवून म्हणाले, "मला वाटलं परत भूकंप झाला." तिथल्या माणसाला आधी तेच आठवणार. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आजोबा शाळकरी पोर होते, त्यानंतर कितीतरी रात्री सगळं घर अंगणात झोपायचं, असं पुढे त्यांनी सांगितलं.

मी बाटलीतलं पिण्याचं पाणी रुमालावर ओतून त्यांचा लेंगा पुसायला गेले. "ऱ्हाऊ द्या ताई, पाण्यानं आणखी पसरंल." मग त्यांनी गुडघ्यावरचा एक थेंब बोटाने टिपला, जिभेवर ठेवला, थोडा वेळ विचार केला.

"मीठ कमी हाय," म्हणाले. "आंबून गेलंय बघा."

त्यांची बहीण चिपळुणाकडे दिलेली. घरात दरवर्षी आगळ. मीठ कमी पडलं की ते आंबतं, वायू धरतं, त्यात उन्हाने तापलं आणि झाकण घट्ट असलं की मग हेच, असं त्यांनी कंडक्टरला समजावून दिलं. कंडक्टर वर्तमानपत्राने टप पुसत होता. पाटणला आजोबा तसाच लाल लेंगा घेऊन उतरले. त्यांना मी फणसपोळीची एक गुंडाळी दिली, ती त्यांनी घेतली. माझी साडी अजून भिजत घातलीय. डाग हलत नाही.

त्या मानाने सोलापूर सौम्य. नणंदेकडून निघताना शेंगाचटणी, कडक भाकऱ्यांची चवड आणि एक चादर, कारण सोलापूरहून चादर न घेता येणं म्हणजे तिचा अपमान. तिने बॅगही दिली, निळी, चाकांची. डब्यात तशाच निळ्या बॅगा अजून दोन होत्या. घरी येऊन उघडली तर आत बाळाच्या कुंच्या, दुपटी, मऊ जुन्या सुती साड्यांचे लंगोट आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या कोणा आईची बॅग! आमचे हे म्हणाले, "आता या वयात?" मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. तळाशी दवाखान्याची फाइल होती, तिच्यावर नंबर होता. फोन केला तर पलीकडच्या बाई रडवेल्या. मुलीला सकाळी दाखल करायचं होतं, आणि यांच्या हातात चटणी.

रात्री साडेदहाला रिक्षा करून हडपसरला गेले. बॅगांची अदलाबदल झाली. मुलगी स्वतः दारात आली होती, कमरेवर हात ठेवून. "काकू, रागावू नका, चटणी अर्धी संपलीय. मलाच डोहाळे लागल्यासारखं झालं." नवव्या महिन्यात कसले डोहाळे? पण मी उरलेलीही तिलाच देऊन आले. नणंदेला सांगितलं, छान झाली होती.

आता तुम्ही म्हणाल, नाही म्हणायला शिका. शिकले होते. एकदा आत्याला म्हटलं, या खेपेला काही नको, गुडघा दुखतोय. ती बरं म्हणाली. पुण्यात स्वारगेटला उतरून पर्स उघडली तर चष्म्याच्या घरात आठ सुपाऱ्या. चष्मा गुहागरलाच, तिच्या देवघरात.

परवा तिचा फोन आला. गणपतीला ये म्हणाली. आजोबांनी काय सांगितलं ते मी तिला कळवलं होतं, ते तिच्या मनाला लागलेलं दिसलं. "पाटणच्या माणसाने मला आगळ शिकवायचं?" मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाली, "दुसऱ्या बाटलीत मीठ भरपूर घातलंय हो. तुझ्यासाठीच ठेवलीय. पण घाट लागायच्या आधी झाकण तेवढं सैल कर."