तांब्यातली शेवंती

इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेच्या तयारीसाठी शाळा सुटल्यावर आम्ही दहा-बारा जण चित्रकलेच्या वर्गात थांबत असू. सर स्टुलावर चादर टाकून घरून आणलेला पितळी तांब्या मांडत, त्यात शेवंतीची फुले खोवत, आणि त्यांची पहिली सूचना ठरलेली असे : उजेड कुठून येतो ते पाहा, पडछाया नीट धरा.

एके दिवशी मात्र त्यांनी जुन्या कॅलेंडरचे एक पान फळ्याला टाचले. लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेले, व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे मातीच्या भांड्यातील पंधरा सूर्यफुलांचे चित्र होते ते. ‘काय दिसते?’ या प्रश्नावर मी जरा शहाणपणानेच म्हणालो, ‘सर, यात पडछायाच नाही. गुण कापले जातील.’ वर्ग हसला. सर हसले नाहीत. ‘बरोबर पाहिलेस. आता ही फुले कुणासाठी ठेवली आहेत ते सांग.’

मला ते सांगता आले नाही. मग त्यांच्याकडून कळले की ऑगस्ट १८८८मध्ये, दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी भाड्याने घेतलेल्या पिवळ्या घरात, पॉल गोगँ हा चित्रकार मित्र राहायला यायचा होता आणि त्याच्या खोलीत लावण्यासाठी हे चित्र होते. ‘पाहुणा येणार म्हटल्यावर तुमच्या आया बैठकीवर धुतलेली चादर घालतात ना, तेच हे.’ त्यानंतर त्या पिवळ्या भिंतीपुढच्या पिवळ्या टेबलाकडे मी परीक्षकाच्या नजरेने पाहू शकलो नाही. काही फुले टवटवीत, काही माना टाकलेली, काहींच्या पाकळ्या गळून नुसत्या बियांच्या चकत्या उरलेल्या. सूर्यफुले लवकर कोमेजतात म्हणून व्हॅन गॉग पहाटेपासून कामाला बसत असे. तरी सुकलेली फुले त्याने वगळली नाहीत. या चित्रात पुष्कळांना त्याच्या वेडाची चाहूल लागते. मला ते पटत नाही. त्याने स्वतःचा कान कापून घेतला तो प्रसंग त्याच वर्षीच्या डिसेंबरातला. ऑगस्टमधला हा माणूस पाहुण्याची खोली सजवत होता.

पुढे नोकरीनिमित्त लंडनला गेलो, तेव्हा ते चित्र प्रत्यक्ष पाहिले. बियांच्या चकत्यांवर रंग इतका जाड थापलेला आहे की बोट फिरवले तर खरखरीत लागेल असे वाटते. त्याने वापरलेला क्रोम पिवळा रंग उजेडाने काळवंडतो हे ठाऊक असूनही, आमच्या कॅलेंडरच्या विटक्या पिवळ्यापुढे हा पिवळा मला झगझगीतच वाटला. सवयीने मी पडछाया शोधली, आणि शोधता शोधता भांड्याच्या अंगावरच ‘व्हिन्सेंट’ अशी सही दिसली. आपल्याकडे भांड्यांवर नावे घालून घेतात, अगदी तशी. सरांच्या तांब्यावरही ठिपक्याठिपक्यांनी त्यांच्या आईचे नाव कोरलेले होते. वर्षभरात तो तांब्या मी वीसेक वेळा तरी काढला असेन, पण ते नाव एकाही चित्रात काढलेले नव्हते.