सहा खुर्च्यांचं कॉफीचं दुकान

पहिल्या वेळी आम्ही चौघी होतो आणि गप्पा रंगात होत्या. दारावरची पाटी वाचायचं कुणाच्या मनातही आलं नाही. दार सरकवलं, तर काउंटरमागच्या गृहस्थांनी मान झुकवली आणि दोन्ही तर्जन्यांची छातीसमोर छोटीशी फुली केली. जपानमध्ये वर्षभर काढलेल्या माणसाला ही फुली कळते: जमणार नाही. इतक्या अदबीनं मला आजवर कुणी घालवून दिलं नव्हतं.

बाहेर येऊन मोबाइलवर पाटीचं भाषांतर केलं. दोनपेक्षा जास्त जण एकत्र आल्यास क्षमस्व. माणशी किमान एक पेय. पैसे रोख. फोनवर बोलायचं तर बाहेर. मी पुण्याची, पाट्यांवरच वाढलेली; तरी अपमान वाटायचा तो वाटलाच.

दुकान टोकियोतल्या कियोसुमी-शिराकावा भागात. आम्ही राहतो निशी-कासाईला. तिथून तोझाई लाइननं मोन्झेन-नाकाचो आणि पुढे ओएदो लाइनचं एकच स्टेशन. सुमिदा नदीच्या बाजूचा हा जुन्या गोदामांचा भाग. उंच छत असलेल्या गोदामांत कॉफी भाजायची मोठी यंत्रं मावतात, धूर बाहेर काढायची सोय करता येते, म्हणून भाजणारे इकडे वळले. 2015 मध्ये अमेरिकेच्या ब्लू बॉटल या कॉफी कंपनीनं जपानमधलं पहिलं दुकान इथेच उघडलं आणि सुट्टीच्या दिवशी रांगा लागू लागल्या. मला मात्र त्या सहा खुर्च्यांनी पछाडलं होतं.

दुसऱ्या वेळी रजा काढून मंगळवारी गेले. बंद. सोमवारी सुट्टी असते हे पाहून ठेवलं होतं, पण महिन्यातला तिसरा मंगळवारही सुट्टीचा, ही ओळ मी गाळली होती. ‘तेइक्यूबी’, म्हणजे ठरलेला सुट्टीचा दिवस, हा शब्द तेव्हापासून पाठ आहे.

तिसऱ्या खेपेआधी ऑफिसातल्या सहकारी बाईंना शरण गेले. त्यांनी तीन शब्द लिहून दिले. ‘आसाइरी’ म्हणजे हलकी भाजलेली, ‘फुकाइरी’ म्हणजे काळपट होईपर्यंत भाजलेली, आणि अडलं तर ‘ओसुसुमे’, म्हणजे तुम्हीच सुचवा. शिवाय खिशात सुट्टे पैसे ठेवायला सांगितलं.

गुरुवारी दुपारी पाऊस होता. एकटी गेले. मालकांनी एक बोट वर करून विचारलं, मी मान हलवली, आणि खुर्ची मिळाली! गरम ओला रुमाल आला, पाणी आलं, हातानं लिहिलेलं मेन्यूकार्ड आलं. त्यातलं ओ की ठो कळेना. म्हटलं, ‘ओसुसुमे’. त्यांनी दोन बरण्यांची झाकणं उघडून पुढे धरली. एकीला आंबूस फळासारखा वास, दुसरीला भाजक्या शेंगदाण्यांच्या जवळ जाणारा. मी दुसरीकडे बोट दाखवलं. दूध मिळेल का, हेही विचारून घेतलं. ते क्षणभर थांबले, मग चिमुकलं भांडं ठेवलं आणि खुणेनं सांगितलं, पहिले दोन घोट तसेच घ्या.

यानंतर सुमारे दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. त्यांनी फ्रिजमधून पाण्यात बुडवून ठेवलेली कापडी पिशवी काढली, पिळली, टॉवेलमध्ये दाबून कोरडी केली. हे ‘नेरु’, फ्लॅनेलचं गाळणं. ते वाळू देत नाहीत, नाहीतर कापडात मुरलेल्या कॉफीच्या तेलाला खवट वास येतो. ताजी दळलेली पूड त्यात घातली आणि लांब चोचीच्या किटलीतून आधी थेंब थेंब, मग दोऱ्याएवढी धार. पाणीही उकळतं नाही, थोडं निवालेलं. पूड भाकरीसारखी फुगून वर आली. माझी आजी चहा फडक्यातून गाळायची. ते फडकं काळंकुट्ट झालं तरी टाकू द्यायची नाही. इथे बसून ती आठवेल असं वाटलं नव्हतं.

कप आपल्या कटिंगएवढाच. पहिला घोट घेतला आणि वाटलं, अरेच्चा, ही तर कोमट! आपल्याला जीभ पोळल्याशिवाय काही प्यायल्यासारखं वाटत नाही. दुसऱ्या घोटाला काकवीसारखा दाटपणा लागला आणि शेवटी करपत आलेल्या गुळाची चव. दुधाचं भांडं तसंच राहिलं. एवढ्याशा कपाचे 800 येन, हे पटायला मात्र तिसरा घोट लागला.

निघताना मी भारतातली, हे त्यांना कळलं. ते मागच्या फळीवरून एक बरणी घेऊन आले आणि म्हणाले, ‘मोन्सून’. आत पिवळट, फुगीर, कच्च्या बिया. मॉन्सून्ड मलबार. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, मंगळुरूकडच्या उघड्या गोदामांत या बिया पावसाळी वाऱ्यात आठवडेच्या आठवडे पसरून ठेवतात. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना दमट हवेनं बियांचा जो रंग आणि चव बदलायची, ती मुद्दाम आणायची ही रीत. जन्मभर त्या पावसात भिजले, आणि हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते टोकियोत, बाहेर पाऊस पडत असताना.

भाजलेली शंभर ग्रॅम घेतली. पैसे हातात न देता छोट्या ताटलीत ठेवले. टिप ठेवायची नसते. दळून देऊ का, घरी कशात करता, असं त्यांनी विचारलं. शब्द नव्हते, म्हणून हातांनीच दाखवलं: पातेलं, उकळी, मग फडकं धरून पिळणं.

त्यांच्या भुवया वर गेल्या. ‘नेरु?’

‘हाय,’ म्हणजे हो, मी म्हटलं, ‘नेरु.’

दळण त्यांनी थोडं जाडसर करून दिलं.