लातुरातलं गच्चीवरचं काचघर: वर्षभराची नोंद

काचघर मुळात थंड मुलखातलं. तिकडे ऊब कोंडून ठेवायची असते. आपल्या लातुरात ऊब आयतीच, ती बाहेर कशी काढायची हा प्रश्न. म्हणून आमच्या दहा बाय आठच्या खोलीला मी नुसती झाडांची खोली ठेवलेली नाही. ऋतू बदलला की तिचं काम बदलतं.

फाल्गुन सरला की नाजूक झाडं जिन्यात उतरतात आणि खोली वाळवणाची होते. लोखंडी मांडणीवर धुतलेली सुती धोतरं, त्यावर कुरडया, सांडगे, मिरच्या. धूळ नाही, वानरं नाहीत, वळवाचा पाऊस आला तरी पळापळ नाही. मात्र बंद काचेत वाळवण होत नाही, पदार्थातला दमटपणा आतच फिरत राहतो. जमिनीलगत एक जाळीची खिडकी आणि छपराजवळ दुसरी हवीच. गरम हवा वरून निघते, खालून कोरडी आत येते. मिरचीवर पातळ मलमल टाका, थेट उन्हात तिचा रंग उडतो.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते गुलकंदाचं काम. गावठी गुलाबाच्या पाकळ्या आणि खडीसाखर, एकावर एक थर, काचेच्या बरणीत. आधी बरणी गच्च भरलेली असते. मग पाकळ्या मलूल होऊन खाली बसतात, तळाशी लालसर पाक सुटतो, आणि बरणी तिरकी केली की तो काचेवरून सावकाश ओघळतो. पाकळी बोटांत चुरगळून पाहायची. मऊ लागली, कडा टोचली नाही, की झालं.

छपराला बाहेरून चुन्याचा पातळ हात देतो. पावसाळ्यात तो हळूहळू धुऊन जातो, आणि हिवाळ्यात नेमकं हवं तेवढं ऊन परत मिळतं. दाराला वाळ्याची ताटी आहे. वैशाखातली आपली हवा कोरडी, त्यामुळे ओल्या ताटीतून येणारा वारा खरोखर गार लागतो. श्रावणात तिचा काही उपयोग नाही, तेव्हा काढून ठेवायची. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं हे शहर, ताटीवर पिण्याचं पाणी ओतायला हात धजत नाही. आरओचं वाया जाणारं पाणी वापरतो. त्यातल्या क्षारांचा पांढरा थर बसतो, तो अधूनमधून झटकावा लागतो.

पावसाळ्यात अडेनियम आणि निवडुंग आत येतात, कारण संततधारेत त्यांची मुळं कुजतात. खिडक्या उघड्या, पाणी जवळजवळ बंद. बाकी या महिन्यांत विशेष काही नाही.

येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या सुमारास मात्र काचघर खऱ्या अर्थाने कामाला लागतं. रात्री गारठा असतो आणि मिरची-टोमॅटोच्या बियांना उगवायला पंचवीस-तीस अंशांची ऊब लागते. प्रो-ट्रेमध्ये, म्हणजे रोपांसाठीच्या खाचांच्या ट्रेमध्ये, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून बी टाकायचं, संध्याकाळी खिडक्या लावून घ्यायच्या. उघड्या गच्चीवरच्या ट्रेपेक्षा इथली रोपं कितीतरी आधी मान वर काढतात. दुपारी त्याच मांडणीशेजारी सतरंजी टाकून मुलांचा अभ्यास होतो, तेव्हा चुना गेलेला असतो आणि ऊन हवंहवंसं वाटतं.

सध्याचा प्रयोग बंद बरणीतल्या नेच्यांचा, म्हणजे फर्नचा. १८२९ च्या सुमारास लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरांनी पतंगाचा कोष बंद बाटलीत ठेवला आणि त्यातल्या मातीतून नेचा उगवला. पुढे तशाच काचपेट्यांतून दूरदेशीची रोपं जहाजांवरून जिवंत पोहोचू लागली. आपल्या कोरड्या हवेत नेचा उघड्यावर करपतो, बरणीत मात्र तेच पाणी आतल्या आत फिरतं. सकाळी काचेवर थेंब जमतात, दुपारपर्यंत मातीत मुरतात. फक्त बरणीवर थेट ऊन पडू द्यायचं नाही, नाहीतर आतलं सगळं शिजतं. चैत्रात ती घरात उत्तरेच्या खिडकीशी न्यायची ठरवलंय. परभणी-नांदेडकडे कुणी उन्हाळाभर नेचे टिकवले असतील तर बरणीत माती किती आणि कोळसा किती घातला, ते सांगा.