इंग्लंडमधली चर्च ओस पडली ती भांडणामुळं का?

नगरकडच्या नातेवाइकांचा मला इथं इंग्लंडला फोन आला की हे ठरलेलं, की तुमच्याकडं चर्च म्हणे ओस पडलीत, आणि हे सगळं त्या समलिंगी लग्नाच्या भानगडीमुळंच ना? इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहिते.

ओस पडलीत हे बऱ्यापैकी खरंय. 2019 ला चर्च ऑफ इंग्लंडच्या उपासनांना आठवड्याला सरासरी साडेआठ लाख माणसं यायची, कोविडनंतर 2023 ला तो आकडा 7 लाखांच्या आत. 2021 च्या जनगणनेत तर इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे पहिल्यांदाच निम्म्याहून कमी भरले, 46 टक्के. पण ही गळती साठ-सत्तर वर्षांची आहे, भांडण त्यामानानं कालचं. भांडून, राजीनामा देऊन गेलेले थोडेच. बाकीच्यांचं कसं झालं, आजी दर रविवारी जायची, आई नाताळ-ईस्टरला, आणि नातीचा बाप्तिस्माच झाला नाही, कुणी कुणावर रागावलं नाही की काही नाही. आणि राजा चर्चचा प्रमुख म्हणून सरकार पाळकांना पगार देत असेल असं नगरकडं वाटतं, तसं अजिबात नाही बरं का, 16 हजारच्या आसपास इमारती, त्यातल्या बहुतेक हेरिटेज यादीत, आणि छप्पर गळलं की वर्गणी काढायची ती उरलेल्या म्हाताऱ्या मंडळींनी.

आता भांडण. ते अँग्लिकन कम्युनियनमधलं, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या जगभरच्या चर्चच्या कुटुंबातलं. 2003 ला अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला जीन रॉबिन्सन उघडपणे गे असून बिशप झाले तिथून ते पेटलं. 2008 ला जेरुसलेमला परंपरावाद्यांनी गॅफकॉन नावाची स्वतःची संघटना काढली, पुढच्या वर्षी अमेरिकेत वेगळं चर्चच उभं राहिलं. इंग्लंडच्या सिनडनं, म्हणजे चर्चचे निर्णय घेणाऱ्या सभेनं, 2023 ला काय मान्य केलं, तर समलिंगी जोडप्यासाठी आशीर्वादाची प्रार्थना, बस, लग्न अजूनही चर्चमध्ये लागत नाही, हे नगरला कुणालाच माहीत नसतं! तेवढ्यावरूनही काही चर्चनी डायोसिसला, म्हणजे बिशपच्या प्रांताला, जाणारे पैसे थांबवले. मग ऑक्टोबर 2025 ला सारा मुलाली कँटरबरीच्या आर्चबिशप, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वांत वरच्या धर्मगुरू, म्हणून जाहीर झाल्या, या जागी पहिल्याच बाई (आधी त्या इंग्लंडच्या चीफ नर्सिंग ऑफिसर होत्या) आणि दोन आठवड्यांत गॅफकॉननं सांगितलं की खरं कम्युनियन आता आम्हीच. माझ्या मते यात अर्धा वाद शास्त्राचा आणि अर्धा मानाचा आहे, माणसं नायजेरिया-युगांडात आणि खुर्ची मात्र कँटरबरीत, हे किती दिवस चालणार? बायकांच्या बाबतीत आफ्रिका सगळी एका बाजूला असंही नाही, केनियात 2021 पासून बाई बिशप आहेत.

खरा धक्का मला विचाराल तर वेगळाच. आधीचे आर्चबिशप वेल्बी यांनी नोव्हेंबर 2024 ला राजीनामा जाहीर केला तो लग्नावरून नाही, जॉन स्माइथ नावाच्या माणसानं पोरांवर केलेल्या अत्याचारांचं प्रकरण नीट हाताळलं नाही म्हणून. चर्चला कधीच न जाणारा शेजारीसुद्धा ते बोलतो, सिनडचं त्याला नावही माहीत नसतं.

आपलं काय होणार हाही प्रश्न असतोच. आपण सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) याच कम्युनियनमध्ये, पण आपण नुसते अँग्लिकन नाही. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला सहा चर्च एक झाली, त्यात बाप्टिस्टही होते, आणि बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला का मोठेपणी यावर दोन्ही चालेल असा तोडगा निघाला. आपली भांडणं जमिनींची, ती कोर्टात.

आणि तू कुठल्या बाजूची, असंही विचारतात. मला त्या आशीर्वादाचा त्रास होत नाही. पण ज्यांना होतो ते सगळे मागासलेले असं इथले काहीजण बोलतात तेही पटत नाही, कारण आमच्या मंडळीचं संडे स्कूल चालवतात त्या दोघी नायजेरियाच्या, त्यांचं मत माझ्या बरोबर उलटं, आणि पोरं आणतात ती पण त्याच.