बाकाचं वजन १८.६ किलो: जुन्या बोटीच्या सीटची नोंदवही

८ जून

मृग लागायच्या आधीच यंदा पाऊस उतरला, त्यामुळे बोट मेअखेरच्या अमावास्येच्या भरतीलाच कुंडलिकेच्या खाडीतून वर घेतली. आता रेवदंड्याच्या आमच्या वाडीत ताडपत्रीखाली उभी आहे. नव्या वाचकांसाठी थोडक्यात: सोळा फुटी फायबरची उघडी बोट, वीस वर्षांवरची, मागे ४० एचपीचं टू-स्ट्रोक ओबीएम, म्हणजे बाहेरून लावायचं इंजिन. चालकाकडे पाठीला पाठ लावलेल्या दोन सीट आणि मागे ओबीएमच्या पुढ्यात एक आडवं बाक. मशीन ठणठणीत आहे, हल म्हणजे बोटीचं अंगही बरं आहे. सीट मात्र लाज वाटावी अशा.

तीन वर्षांपूर्वीच नव्या केल्या होत्या. गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्या एका दुकानातून, पांढऱ्या रेक्झिनमध्ये. पहिल्या उन्हाळ्यात छान दिसल्या, दुसऱ्यात कडक झाल्या, तिसऱ्यात कडांना पापडासारख्या तडकल्या. साध्या रेक्झिनला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य उन्हात हळूहळू निघून जातं, मग ते असंच होणार. दुकानदाराला बोल लावत नाही, ‘स्वस्तात करा’ हे मीच सांगितलं होतं.

बाकाची गादी काढायला गेलो तर एकट्याला उचलेना. शेजारच्या मावशींकडे मासे तोलायचा काटा आहे, तो मागायला गेलो.

“दादा, ह्यो म्हावरा तोलायचा काटा हाय, गादी नाय,” म्हणाल्या, आणि वर स्वतःच बघायला आल्या. आकडा आला १८.६ किलो. १२० बाय ४५ सेंटिमीटरची, १० सेंटिमीटर जाडीची गादी. कोरडी असताना ती साडेसहाच्या आसपास असायला हवी. म्हणजे जवळपास बारा लिटर पाणी मी तीन वर्षं बोटीच्या मागच्या टोकाला बसवून फिरवत होतो आणि ओबीएम पूर्वीसारखं ओढत नाही म्हणून कार्ब्युरेटर साफ करत होतो.

१५ जून

उकल. आधी उलटं करून स्टेपल काढले. काढले म्हणजे काय, बोटांनी चुरडले. गंजून त्यांची लाल माती झाली होती. खालचं प्लाय पानापानांत सुटलेलं, बिजागरीचे स्क्रू हातानेच बाहेर आले.

मग फोम. फोम पाण्यापासून वाचावा म्हणून मागच्या वेळी मी जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दिला होता. माझी स्वतःची अक्कल. त्या वेळी फार हुशारी वाटली होती. पिशवी कापली आणि आतून जो वास आला तो ओहोटीच्या चिखलालाही लाजवेल. पाणी आत गेलं होतंच, पिशवीमुळे फक्त बाहेर पडायची सोय राहिली नव्हती.

आत कसं गेलं? हिशोब केला. बाकाच्या भोवतीची शिवण ३३० सेंटिमीटर. चार मिलिमीटरचा टाका धरला तर एका शिवणीत आठशेवर भोकं, आणि अशा दोन शिवणी, वर एक, खाली एक. त्यात पायपिंगमध्ये, म्हणजे कडेच्या गोल गोटात, सुती नाडी घातलेली. ती दिव्याच्या वातीसारखी पाणी ओढून शिवणीच्या आत पोचवत होती, पार काळी पडली होती. वरचं कापड कितीही भारी घ्या, सुईने भोसकलेली गादी जलरोधक होत नाही. त्यामुळे या वेळी पाणी अडवायच्या मागे लागणार नाही. ते आत जाणार हे धरून चाललोय. खालून ते किती लवकर निघतं, एवढंच बघायचं.

बसायच्या जागी गुलाबी डाग होते, अनेकांनी पाहिले असतील. मी दोन वर्षं ते वरून घासत होतो. ते वरचे नसतातच. ओल्या फोममध्ये जंतू वाढतात, त्यांचा रंग रेक्झिनमधून वर झिरपतो. ब्लीचने ते जात नाहीत, उलट दोरा आणि वरचा थर कमजोर होतो. गुलाबी डाग दिसला की गादी उलटी करून खालचं बघा, एवढंच सांगेन.

२२ जून

खरेदी. प्लाय १२ मिलिमीटरचं, शिक्का बघून घेतलं: आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लायचं मानक. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून आयएस ३०३, म्हणजे घरगुती वापराचं प्लाय, पुढे करतात. स्वयंपाकघरातल्या कपाटाला ते ठीक असेल, मला नको.

फोमवर बराच घोळ घातला. चालकाकडच्या दोन सीटना ४० डेन्सिटीचा साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम ठरवला, तिथे पाणी कमी येतं आणि तासन्‌तास बसायचं असतं. मागच्या बाकाला मात्र बागेतल्या खुर्च्यांसाठी मिळतो तो मोठ्या छिद्रांचा, लवकर वाळणारा फोम. महाग आहे, म्हणून आधी नमुन्याचा तुकडा मागवला आणि मोरीत धरून त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. जाळीतून जावं तसं खाली गेलं. तेच पीयूवर ओतलं तर थोडं वरून ओघळलं, बाकीचं पिऊन टाकलं. ईव्हीएसारखा बंद छिद्रांचा फोमही हाताळून पाहिला. तो पाणी अजिबात घेत नाही, पण नुसत्या त्याच्यावर बसून काशीदपर्यंत लाटा खाणं म्हणजे पाटावर बसणं.

वरचं कापड मरीन व्हिनाइल, उन्हाला टिकणारं, १३७ सेंटिमीटर पन्ह्याचं, सहा मीटर. साध्या रेक्झिनच्या तिप्पट भाव पडला. रंग फिका राखाडी. पांढऱ्यावर बुरशी दिसते, गडद निळा मला फार आवडला होता पण एप्रिलमधल्या दुपारी चड्डी घालून त्यावर बसून बघा.

दोरा बॉन्डेड पॉलिएस्टर, जाडी टेक्स ७०. नायलॉन ताकदवान असला तरी उन्हात लवकर मरतो, आणि सुती तर विसराच.

स्टेपल्सचा प्रयोग सांगतो. दोन ठिकाणांहून ‘स्टेनलेस’ म्हणून मागवले. खाडीचं पाणी लोणच्याच्या बरणीत भरून दोन्हींतले चार-चार टाकले, बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या. आईने एक बरणी जवळजवळ फेकलीच होती.

२९ जून

बरण्यांचा निकाल: एका बरणीत चौथ्या दिवशी लाल पाणी. त्या स्टेपलांना चुंबकही घट्ट चिकटतो. खाऱ्या पाण्यात टिकणारं स्टेनलेस ओढून वाकवल्यामुळे चुंबकाला किंचित ओढ देऊ शकतं, पण सहसा चिकटून बसत नाही. आठवडा झाला तरी दुसऱ्या बरणीतले चकचकीत.

प्लाय कापलं. बाकाच्या पाटाला दर १५ सेंटिमीटरवर १२ मिलिमीटरची भोकं पाडली, पाणी गळायला आणि हवा खेळायला. कडा आणि भोकांच्या आतली बाजू इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायचं, वाळून कडक होणारं रेझिन) बंद करायची, तीन हात. बिजागरीच्या स्क्रूंची भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भरली, ती वाळल्यावर त्यातच पुन्हा बारीक भोक. स्क्रू आता नुसत्या लाकडाला भिडणार नाहीत.

१३ जुलै

६ तारखेला आषाढी होती. साबुदाणा खिचडी खाऊन इपॉक्सीचा दुसरा हात मारायला बसलो आणि फसलो. पहिल्या हातावर मेणचट थर आला होता. दमट हवेत इपॉक्सी वाळताना असं होतं, आणि आमच्याकडे या दिवसांत भिंतींनाही घाम फुटतो. मला वाटलं अजून पूर्ण सुकलेलं नाही, तसाच दुसरा हात दिला. चार दिवसांनी नखाने सोलून निघाला, अख्खा, सापाच्या कातीसारखा. पुन्हा सगळं: साध्या पाण्याने आणि घासणीने धुतलं, पुसून वाळवलं, पॉलिश पेपर मारला, मग नवा हात. हा थर पाण्याने धुतला जातो. धुवायच्या आधी पॉलिश पेपर मारलात तर तोच थर चोळून आत बसवाल. एक आठवडा गेला.

२० जुलै

शिलाई. आईची पायमशीन, माझ्यापेक्षा वयाने मोठी.

“सुई मोडलीस तर नवी आणून ठेव, आणि पट्टा घसरला तर मला हाक मार, तू हात घालू नकोस,” एवढ्या अटीवर मिळाली. सुया १८ नंबरच्या. तीन मोडल्या, पाच आणून ठेवल्या.

जुनं कव्हर उसवून त्यावरून माप घेऊ नका. ते आखडलेलं असतं. मी फोमवरून घेतलं, आणि फोम कव्हरपेक्षा सगळीकडून एक सेंटिमीटर मोठा कापला, म्हणजे कव्हर भरून ताणून बसतं. टाचण्या वापरायच्या नाहीत, व्हिनाइलला पडलेलं भोक बुजत नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. टाका चार मिलिमीटर, त्याहून बारीक केला तर कापड पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. व्हिनाइल मशीनच्या पायाला चिकटून पुढे सरकेना, तेव्हा आईने वर्तमानपत्राची पट्टी खाली-वर घालून शिवायला सांगितलं, नंतर ती फाडून काढायची. जमलं. पायपिंगचे कोपरे, जिथे चार पदर येतात, तिथे पायडल सोडून चाक हाताने फिरवलं. पायपिंगमध्ये या वेळी प्लास्टिकची दोरी.

आणि महत्त्वाचं म्हणजे बसायच्या सपाट भागावर एकही शिवण नाही. पूर्वी सजावटीच्या तीन रेघा होत्या, तिथेच पाणी साचायचं.

२७ जुलै

ताणणं आणि ठोकणं. चारही बाजूंच्या मध्यात एकेक स्टेपल, मग मध्यापासून कोपऱ्याकडे, समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने. ऊन असतं तर व्हिनाइल अर्धा तास बाहेर ठेवून मऊ केलं असतं. ते नव्हतं, म्हणून बहिणीचा हेअर ड्रायर. पहिला कोपरा तीनदा उचकटला. चुणी एका बाजूला जाड झाली की वरून सुरकुती दिसतेच, मग ती लपत नाही. आठ मिलिमीटरचे स्टेपल १२ च्या प्लायला बरोबर. लांब असते तर पाटाच्या वर आले असते.

कोरडं वजन मावशींच्या काट्यावर ६.९ किलो.

१७ ऑगस्ट

नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात. काल कोर्लईच्या टोकापर्यंत जाऊन आलो. वारा अजून पावसाळीच आहे, खाडीच्या तोंडाशी दोन लाटा थेट मागच्या बाकावर आल्या. परत येईपर्यंत बाकाखालून पाणी ठिबकत होतं, भोकाभोकांतून. सोबतच्या मित्राला वाटलं बोट गळतेय.

रात्रभर बाक पडवीत उभं करून ठेवलं आणि सकाळी तोललं: ७.२. मावशी आता आकडा विचारतात.

चालकाच्या दोन सीटचं काम अर्धवट आहे. बसायचे पाट झाले, पाठी राहिल्यात. त्या दुमडून आडव्या होतात तिथे नवा फोम जुन्यापेक्षा जाड पडतोय आणि बिजागरीत व्हिनाइल चिमटतंय. बहुतेक पाठीच्या खालच्या कडेचा फोम तिरका कापावा लागेल. कोणी अशी दुमडती सीट केली असेल तर त्या कडेला किती जागा सोडली ते सांगा. मी सध्या दोन सेंटिमीटर धरतोय.