तुम्ही विचारलंत म्हणून : घरात कुणी वकील नाही, जमेल का?

मे महिना संपत आला की माझ्या ऑफिसात एक जोडी हमखास येते. आई किंवा वडील, आणि शेजारी बारावी नाहीतर बी.ए. झालेली मुलगी किंवा मुलगा. इकडचं तिकडचं बोलून झालं की मूळ प्रश्न येतो. यंदा कोरेगाव तालुक्यातले एक गृहस्थ लेकीला घेऊन आले होते. ते म्हणाले, "मॅडम, आमच्या घरात आजवर कुणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही. पोरगी वकील व्हायचं म्हणते. घरात कुणी वकील नसताना जमतं का हे?"

लहानपणीच वडील गेलेले, आई विठाईंनी कष्टानं वाढवलेले यशवंतराव चव्हाण १९४१ साली एलएल.बी. झाले आणि कराडात वकिली करू लागले, हे मी त्यांना सांगितलं. ते हात जोडून म्हणाले, "ती मोठी माणसं, मॅडम." त्यांचंही बरोबर होतं. त्यांना त्यांच्या मुलीबद्दल विचारायचं होतं. तेवढ्यात माझा पुकारा होणार होता, म्हणून मी पाच मिनिटांत काहीतरी उत्तर दिलं आणि कोर्टात गेले. ते उत्तर मला दिवसभर अपुरं वाटत राहिलं.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. मी १९९९ साली वकिलीची सनद घेतली, तेव्हा साताऱ्यात एकाही वकिलाशी आमच्या घराची ओळख नव्हती. तेव्हा हे मी अनुभवावरून सांगते आहे.

वकिलाच्या घरातल्या मुलाला टेबल, पुस्तकं आणि थोडेफार जुने पक्षकार आयते मिळतात. या गोष्टी आपल्याला उशिरा मिळतात, पण मिळतात. भरून निघायला खरी अवघड गोष्ट एकच आहे, ती म्हणजे सुरुवातीची तीन-चार वर्षं कमाईशिवाय घर चालणं. त्याबद्दल आमच्या व्यवसायात मोकळेपणानं बोललं जात नाही, आणि हुशार मुलं तिथेच गळतात. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून सीनिअर वकिलांनी हाताखालच्या ज्युनिअरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत अशी शिफारस केली. शिफारसच ती, सक्ती नाही. तालुक्याच्या कोर्टात तेवढे पैसे मिळतील असं गृहीत धरू नका. पण सीनिअरकडे पहिल्या दिवशी जाल तेव्हा महिन्याचं काय, हे विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही. मीच ते विचारलं नव्हतं, आणि पहिली दोन वर्षं वडिलांकडून पासाचे पैसे घेताना मान खाली जायची.

आईवडिलांना मी एवढंच म्हणेन की शिक्षणाची पाच वर्षं मोजताना पुढची तीनही त्यातच धरा. मुलीच्या बाबतीत तर नक्कीच. मी ज्या मुली वकिली सोडताना पाहिल्या, त्यातल्या बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सोडताना पाहिल्या. कामाची घडी बसायला लागलेली असते, पहिली उलटतपासणी स्वतः घेतलेली असते, आणि घरात स्थळं बघणं सुरू होतं. "मिळत तर काही नाही, मग कशाला जातेस?" या वाक्यानं जेवढ्या वकील मुली घरी बसल्या, तेवढ्या कुठल्या परीक्षेनं बसल्या नसतील.

रस्ता सगळ्यांना माहीतच असतो, तरी सांगते. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, दोन्हींना सीईटी. मग महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद, आणि दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा. सनदेच्या नोंदणीचं शुल्क कायद्यात ७५० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. त्याहून जास्त घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ३० जुलै २०२४ च्या निकालात सांगितलं. आधी ही रक्कम हजारांत जायची आणि कित्येक घरांत त्यासाठी उसनवारी व्हायची.

आता माझ्या एका चुकीबद्दल. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

२००१ सालची गोष्ट. खटाव तालुक्यातला एक पक्षकार वाटपाच्या दाव्यासाठी आला. वडील वारलेले, भाऊ जमीन वाटून देईना. त्यानं चार गटांचे सातबारा आणून दिले, वंशावळ तोंडी सांगितली. सर, म्हणजे माझे सीनिअर, दोन दिवस बाहेरगावी होते. मी उत्साहात दावा लिहिला, भावाला आणि आईला प्रतिवादी केलं आणि दाखल करून टाकला. समोरच्याची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, आली तेव्हा माझे हातपाय गार पडले. त्याच गावातला पाचवा गट मी घेतलाच नव्हता. आणि दोन लग्न झालेल्या बहिणी होत्या, त्यांना पक्षकारच केलं नव्हतं. वडिलांच्या हिश्श्यात मुली वारस असतात, हे मी परीक्षेत पानभर लिहिलेलं होतं. पक्षकार म्हणाला होता, "बहिणी दिल्या घरी सुखी आहेत, त्यांचा काय संबंध," आणि मी ते ऐकून घेतलं होतं. आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा, काढला असता तर पाचवा गटही त्याच कागदावर दिसला असता.

मग दुरुस्ती अर्ज, बहिणींना समन्स, एकीचा मुंबईचा पत्ता चुकीचा म्हणून बेलिफचा अहवाल परत. दीड वर्ष त्यात गेलं. सर मला रागावले नाहीत. ते म्हणाले, "त्यांच्या घरी जा आणि चूक तुझी आहे हे तुझ्या तोंडानं सांग." मी गेले. पक्षकार गप्प बसून राहिला. त्याची आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "माझ्या लेकींची नावं समोरच्या वकिलाला तरी आठवली."

ते वाक्य मी विसरलेले नाही. तेव्हापासून वंशावळ लिहून घेताना मी आजोबांपासून सुरुवात करते आणि घरातल्या प्रत्येक बाईचं नाव विचारते. वारलेल्या, नांदायला गेलेल्या, माहेरी परत आलेल्या, सगळ्यांचं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं त्यातली शंकाही मिटवली. तरी आजही निम्मे पक्षकार बहिणींची नावं विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

हे आठवलं की कोरेगावच्या त्या गृहस्थांचा प्रश्न मला उलटा दिसतो. वकिलाचं मूल टेबलाच्या अलीकडे वाढतं. तुमची लेक टेबलाच्या पलीकडे वाढली आहे. तलाठी भेटायला किती हेलपाटे पडतात, तारीख पडली की एक दिवसाची मजुरी बुडते, हक्कसोड पत्रावर सही करताना बहीण वर का बघत नाही, हे तिला कुणी शिकवावं लागणार नाही. पुस्तकातला कायदा ती कॉलेजात शिकेल. हे दुसरं शिकायला मला ती दीड वर्षं लागली, कारण कोट अंगावर चढल्यावर मी कुठून आले ते काही काळ विसरले होते.

भाषेची भीती मुलांना फार असते. आपल्या जिल्ह्यातली कोर्टं मराठीत चालतात. दावा, कैफियत, शपथपत्र मराठीत लिहिता येतं, साक्षीपुरावा मराठीत होतो. म्हणून आधी मराठी नीट लिहा, छोट्या वाक्यांत, तारीखवार. पण उच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीत असतात आणि ते वाचल्यावाचून गत्यंतर नाही. रोज एक निकाल, शब्दकोश शेजारी ठेवून. मी सहा महिने अडखळले, मग सरावले. आणि आता इंग्रजीची गरज अधिकच जवळ आली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं, सातारा त्याच्याच कक्षेत येतं. आमच्या पिढीला अपील म्हटलं की मुंबईची रात्रीची गाडी आणि तिथला अनोळखी वकील, एवढंच माहीत होतं. आता साताऱ्यात राहणारा ज्युनिअर सकाळी निघून कोल्हापुरात उभा राहून संध्याकाळी घरी येऊ शकतो. हे आम्हाला मिळालं नाही, याचं मला वाईट वाटत नाही. तुम्हाला मिळालंय, याचा मनापासून आनंद आहे.

न्यायाधीश होण्याबद्दल बरेच जण विचारतात. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालानंतर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली आहे. त्यासाठी दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा, तिथल्या प्रमुख न्यायाधीशांनी साक्षांकित केलेला दाखला चालतो, म्हणून मुलं माझ्याकडेही येतात. जी कोर्टात दिसलीच नाहीत, त्यांना मी सही देत नाही. तीन वर्षं पुण्यात अभ्यासिकेत काढून इथला दाखला मागणं मला पटत नाही. उद्या त्याच खुर्चीत बसून तुम्ही त्या खटावच्या आईचा दावा ऐकणार असता.

आणि शेवटी त्या मुलीसाठी, जी त्या दिवशी वडिलांशेजारी बसून एक शब्द बोलली नाही. सनद मिळेपर्यंत थांबू नकोस. कोर्टाचं काम उघड्यावर चालतं, ऐकायला बसायला सहसा कुणाची परवानगी लागत नाही. साक्षीपुरावा चालू असेल ती खोली शोध. मागच्या बाकावर बस, मोबाईल बंद ठेव, आणि वकिलाचा प्रश्न ऐकण्याआधी साक्षीदाराचा चेहरा बघ. दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे ये. काय दिसलं ते सांग.